माणिकरावांचा करणीचा सिनेमा

जुन्या जालन्यात तिठ्यावर कोणी उतारा टाकला, की माणिकराव तो उचलत. नारळ असला तर तिथंच दगडावर फोडून खोबरं खात. लिंबू असलं तर टाचण्या काढून ते चहाच्या दुकानात नेत आणि साखर मागून सरबत करून पीत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिडीवर उभा राहून एका कापडदुकानाची पाटी रंगवत होतो. हातातला ब्रश खाली पडला. त्यांनी तो उचलून वर दिला आणि म्हणाले, "घाबरू नका, पेंटर. दुसऱ्याची इडापिडा लई गोड लागते. फक्त साखर बराबर पडली पायजे."

तेव्हापासून आमची ओळख. मी पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला पाटीवाला. ते पस्तिशीचे, बिनलग्नाचे. गावातल्या पत्र्याच्या थेटरात ते मशीन चालवत. चित्रं अजून मुकी होती आणि मशीनचं हँडल हातानं फिरवावं लागे, त्यामुळे त्यांचा उजवा दंड डाव्याच्या दीडपट झाला होता. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, हातांकडे बघत. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "तोंड खोटं बोलतं, डोळेबी खोटं बोलतात. हाताला अजून तेवढं जमलं न्हाई."

त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण गोदाक्का राहत असे. ती घराबाहेर पडत नसे आणि माझ्याशी बोलायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून बोले. असं का, ते माणिकरावांनी मला एकदाच सांगितलं, थेटरच्या मागच्या ओट्यावर बसून, बिडी विझून गेली तरी तशीच ओठात धरून.

त्यांचं गाव घनसावंगीकडचं, गोदेच्या काठाला. शेतकरी घर. गोदाक्का विधवा होऊन माहेरी आली, त्याच वर्षी पाटलाच्या सुनेच्या पाठीवर आपोआप काळ्या फुल्या उठू लागल्या. वाळत घातलेली लुगडी पेटू लागली. भानामती झाली म्हणून गावानं रंगनाथ देवरसीला बोलावलं. पाटलाच्या वाड्यावर अंगारा लावायला तो मांत्रिक आधीपासूनच येत असे. त्यानं जमिनीवर राख-हळदीचं मंडल काढलं, मधे काळी बाहुली ठेवली, घुमला आणि गोदाक्काचं नाव घेतलं. चेटकिणीचे दात पाडले की तिला मंत्र नीट म्हणता येत नाहीत, असा तिकडे समज. भर दुपारी, देवळासमोर, चौघांनी तिचे हातपाय धरले आणि पाचव्यानं वरवंटा मारला. एकदा मारून भागलं नाही, म्हणून पुन्हा मारला.

"मी कापूस घेऊन जालन्याला आल्तो," माणिकराव म्हणाले. "घरी गेलो तर अक्का ओसरीत बसून ओंजळीत कायतरी धरून बसल्ती. मला वाटलं ज्वारीचे दाणे हायेत."

त्यांनी जमिनीचा वाटा धाकट्या भावाला दिला आणि बहिणीला घेऊन जालना गाठलं. त्यानंतरची सात वर्षं या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा मोडका कॅमेरा त्यांनी मिळवला, तो दुरुस्त केला आणि करणीवर सिनेमा काढायला घेतला.

त्यासाठीच त्यांना मी हवा होतो. थेटरमागच्या पडीक गोदामात त्यांनी मला जमिनीवर मंडलं काढायला लावली. काजळ, हळद, राख, शेंदूर. वर्तुळात त्रिकोण, त्रिकोणात डोळा, डोळ्यात बाहुली. "असं काढा की काढताना तुमचाच हात कापला पायजे," असं म्हणत आणि जराही सुबक झालं की पायानं पुसून टाकत. कॅमेरा उलटा धरून ते चित्र घेत आणि नंतर फिल्मची पट्टी फिरवून जोडत. मग पडद्यावर कापलेलं लिंबू आपोआप जुळे, सांडलेलं कुंकू जमिनीवरून उठून मुठीत शिरे. एकदा घेतलेल्या पट्टीवर ते पुन्हा दुसरं चित्र घेत. त्यामुळे बाहुलीच्या तोंडातून माझ्या मंडलाच्या रेषा बाहेर पडताना दिसत. काही ठिकाणी सुईनं एकेका चौकटीवर ओरखडून त्यांनी मांत्रिकांची यंत्रं कोरली होती. ती पडद्यावर विजेसारखी थरथरत.

एका सकाळी दारं लावून त्यांनी मला ते सगळं भिंतीवर ताणलेल्या धोतरावर दाखवलं. शेवटी दगडावर दगड आपटत होता, नुसता आपटत होता, आणि प्रत्येक वेळी पट्टी लाल होत होती. तो रंग त्यांनी अळत्यानं दिला होता. बाहेर येऊन मी म्हणालो, "माणिकराव, यात गोष्ट कुठं आहे?"

"गोष्ट सांगितली की लोक रडतात अन् मोकळे होऊन घरी जातात," ते म्हणाले. "मला कुणाला मोकळं सोडायचंच न्हाई."

एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना खरा देवरसी हवा होता. ते रंगनाथाकडे गेले आणि म्हणाले, तुमची छबी पडद्यावर घेतो. आपण गोदाक्काचे भाऊ हेही लपवलं नाही. रंगनाथ हसला. त्याचा रुबाब इतका वाढला होता की त्याला कुणाचं भय उरलं नव्हतं. फेटा बांधून, अंगाला शेंदूर लावून तो उजेडात बसला आणि एका बाधलेल्या बाईवर त्यानं सगळा विधी करून दाखवला. माणिकरावांनी हँडल नेहमीच्या तिप्पट वेगानं फिरवलं. तसं घेतलेलं चित्र पडद्यावर संथ दिसतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

पट्टी धुऊन झाल्यावर माणिकराव मला शोधत बाजारात आले. भिंगाखाली त्यांनी मला चौकटी दाखवल्या. रंगनाथाचा अंगठा कमरेच्या पिशवीत जातो. बाहेर येतो तेव्हा नखाखाली काळं असतं. मग तो बाईच्या पाठीवरून माया केल्यासारखा हात फिरवतो आणि अंगठा दाबतो. बिब्याचं तेल, कातडी जाळणारं. दुसऱ्या दिवशी तिथं फुली उठणारच.

"सात वर्षं," माणिकराव म्हणाले. "एवढ्याशा नखात."

त्यांनी सिनेमा आपल्या मूळ गावातच दाखवायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी, दुपारी, जिनिंगच्या रिकाम्या गोदामात. खिडक्यांना पोती लावून आम्ही अंधार केला. सिनेमा पाहायला मिळणार म्हणून आख्खं गाव लोटलं. पुढच्या सतरंजीवर पाटील, त्यांच्या शेजारी मानानं रंगनाथ देवरसी. बायकांच्या बाजूला पाटलांची तीच सून. मशीनच्या मागे डोक्यावरून पदर घेऊन गोदाक्का बसली होती, कित्येक वर्षांनी घराबाहेर पडलेली. मी वाळूची बादली घेऊन उभा होतो, कारण ती पट्टी दिव्यापुढं क्षणभर थांबली तरी पेट घेत असे.

मंडलं सुरू झाली तसं गोदाम गप्प झालं. लिंबू जुळलं तेव्हा कुणीतरी देवाचं नाव घेतलं. दगड आपटू लागले तेव्हा पोरं रडायला लागली. मग रंगनाथ पडद्यावर आला आणि लोकांना हायसं वाटलं. काहींनी तर हात जोडले. अंगठा पिशवीत गेला, बाहेर आला, पाठीवर टेकला. आणि माणिकरावांनी हँडल थांबवलं.

तो काळा अंगठा पडद्यावर बैलगाडीच्या चाकाएवढा होऊन थांबला. दोन क्षण, तीन क्षण. बायकांतून किंकाळी आली. पाटलांची सून उभी राहिली होती. "असंच! मला अस्साच हात लावल्ता ह्यानं!"

तेवढ्यात पट्टीला फोड आला. पडद्यावर देवरसीचा हात तपकिरी झाला, मग छाती, मग तोंड. उकळत, फाटत सगळं पांढरं झालं. माणिकरावांनी पट्टी दोन्हीकडून कापली, मी वाळू ओतली. आग तिथंच संपली. पण लोक उठले होते.

"लबाड हाय!" कुणी ओरडलं. "गोदीनं जाळला! तिची करणी मोठी!" दुसरं कुणी ओरडलं. कुणाला लबाडी दिसली, कुणाला त्याहून मोठी भानामती दिसली. पण हात सगळ्यांचेच उठले. त्यांनी रंगनाथाला फेट्यानं ओढत उन्हात नेलं. फेटा सुटला तेव्हा केसांना धरलं. एकानं त्याच्या पोटात लाथ घातली, तो वाकला, तर दुसऱ्यानं गुडघा तोंडावर दिला. "दात पाडा! मंतर बंद करा!" ही आरोळी कुठून आली कळलं नाही. चौघे त्याच्या हातापायांवर बसले. मी त्यातल्या एकाला ओळखलं, कारण सकाळी त्यानंच आम्हाला पाणी दिलं होतं. पहिला दगड बसला तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा होता.

मी माणिकरावांना हाका मारत होतो. ते दारात उभे होते, हात लोंबकळत सोडून. हलत नव्हते.

पुढं गेली ती गोदाक्का. गर्दीतून वाट काढत ती गेली आणि त्या माणसाच्या छातीवर आडवी पडली. दगड उचललेला हात वरच राहिला. तिला शिवायला कोणी धजेना. चेटकिणीला शिवलं तर काय होईल, या भीतीनं लोक एकेक पाऊल मागं सरकले आणि त्या भीतीनंच रंगनाथाचा जीव वाचला.

त्याला बैलगाडीत घालून आम्ही जालन्याला निघालो. तो रक्त थुंकत होता. वाटेत माणिकराव म्हणाले, "पेंटर, मी घाबरून थांबलो न्हवतो."

मी रंगनाथाच्या डोक्याखाली पोत्याची घडी सारली.

"मला बरं वाटून राह्यलं होतं," ते म्हणाले. "पहिला दगड पडला, मला बरं वाटलं. दुसरा पडला तवाबी. अक्का उठली नसती तर मी तसाच बघत राह्यलो असतो."

रंगनाथाला त्यांनी घरी ठेवून घेतलं. दात नसलेल्या माणसानं कसं खायचं, हे त्या घरात फक्त एका माणसाला माहीत होतं. गोदाक्का ज्वारीची आंबील पातळ करून त्याच्यापुढं ठेवी आणि सांगे, "जीभ मागं ओढा. हिरड्यांला लागू देऊ नका. पैल्या महिन्यात मीठ लई झोंबतं." मी हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा समोरून पाहिला. महिन्याभरानं रंगनाथ कुणाला न सांगता निघून गेला आणि परतूरकडं एका खेड्यात पुन्हा देवरसीपण करू लागला. मला राग आला. गोदाक्का म्हणाली, "जाईल न्हाई तर काय, बाबा? त्याला दुसरं येतंय काय?"

माणिकरावांना खरा धक्का बसला तो नंतर. गोदामात तुडवल्या गेलेल्या पट्टीचे तुकडे लोकांनी वेचून नेले होते. तीन-चार महिन्यांनी एक शेतकरी आपल्या लेकराला घेऊन थेटरवर आला. लेकराच्या गळ्यात ताईत होता आणि ताइतात आमच्या सिनेमाचा तुकडा. "ह्यानं ताप उतरला, मालक," तो म्हणाला. "अजून एक बोटभर द्या, धाकटीला पायजे." माणिकराव आत गेले, उरलेली सगळी पट्टी बाहेर आणली आणि त्या माणसादेखत अंगणात पेटवून दिली. माणूस हात जोडून त्या धुराला नमस्कार करत उभा होता.

त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. थेटरची नोकरी चालू ठेवली, पण आठवड्यातून एक दिवस कुठल्या तरी बाजाराला जात. चिंचेखाली बसून बिबा काढत, लोकांना जवळ बोलावून स्वतःच्या दंडावर तेल लावून दाखवत. "हात लावा. तुम्हीबी करा. जल्दी न्हाई, सावकाश." कधी चार माणसं जमत, कधी एकही नाही. त्यांचा डावा दंड फुल्यांनी काळा झाला होता. मी म्हणालो, पडद्यावर दाखवलं तर हजार लोक बघतील. ते म्हणाले, "पडद्यावर बघून माणूस बिलकुल शाना होत न्हाई, पेंटर. नुसता येडा होतो. मी झाल्तो."

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी ते असेच एका बाजाराला गेले होते. शेजारच्या वस्तीवर चेटकीण म्हणून एका बाईला ओढून बाहेर काढलंय असं कुणी सांगितलं. ते पळत गेले. गाडीवाल्यानं मला नंतर सांगितलं, की माणिकरावांनी कुणाशी वाद घातला नाही, काही समजावलं नाही. थेट तिच्यावर जाऊन पडले आणि तिचं डोकं छातीखाली घेतलं. लोकांनी त्यांना काठ्यांनी मारलं, पाठीवर, मग डोक्यावर. त्यांनी हात सोडले नाहीत. शेवटी मारणारेच दमले. तिसऱ्या दिवशी जालन्यात ते गेले. शुद्ध आलीच नाही.

तेराव्याला ती बाई नवऱ्याबरोबर चालत आली. विशीतली होती. दारातच बसून राहिली, आत येईना. गोदाक्का बाहेर गेली, तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तोंड उघड."

बाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग तोंड उघडलं. गोदाक्कानं तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. बोटानं वरचे दात एकेक करून चाचपले, मग खालचे. सगळे होते.

"बरं," गोदाक्का म्हणाली. "चल, जेवून घे."