हसून ‘या’ म्हणायचं

हे मी आजवर घरातही धड सांगितलेलं नाही, कारण यात मी वाईट दिसते. पण पाच मिनिटांत मला माझीच जी ओळख पटली, तिचा धक्का अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर मी तलासरीला हायवेलगत एक गाळा भाड्याने घेतला आणि घरगुती जेवणाचं हॉटेल काढलं. आमची डहाणूला चिकूची वाडी, खाऊनपिऊन सुखी. नवरा म्हणाला, कशाला हा उपद्व्याप? पण माझ्या हातच्या कालवणाचं कौतुक जन्मभर पाहुण्यांनी फुकटात केलेलं, आता लोकांनी पैसे मोजून करावं असं माझ्या मनाने घेतलं होतं. झाईहून मासळी यायची, तांदळाच्या भाकऱ्या समोर भाजल्या जायच्या, आणि बघता बघता गाड्या थांबायला लागल्या.

स्वयंपाकात मी कुणाचं ऐकत नव्हतेच. वर आणखी एका गोष्टीत अक्कल पाजळली. वापीच्या एका मोठ्या हॉटेलात दारातल्या मुलीने हात जोडून, डोळ्यांत बघून, हसून माझं असं स्वागत केलं होतं की मी दोन दिवस हवेत होते. आपल्याकडे कसं असतं? खांद्यावर फडकं टाकून माणूस येतो आणि ‘काय पाहिजे’ असं विचारतो, जसे काही आपण उसनी साखर मागायला आलोय. माझ्याकडे हे चालणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

वाढायला एक बाई होती. तलासरीजवळच्याच पाड्यावरची, तिशीची, दोन मुलींची आई. आधी ती उंबरगावला एका कंपनीत हजेरीवर जायची. पहाटे निघायची, अंधार पडल्यावर घरी पोचायची. माझ्याकडे लागल्यावर मुली शाळेतून येतात तेव्हा घरी असता येतं, याचंच तिला अप्रूप होतं. हात चलाख, कामाला चोख. पण गिऱ्हाईक आलं की ती गुपचूप पाण्याचा ग्लास ठेवायची आणि जमिनीकडे बघत बाजूला उभी राहायची. मी विचारलं, अगं, तोंडाने काही म्हणशील की नाही?

“पाणी ठेवला ना बाई, मग ‘या’ सांगितलाच,” ती म्हणाली.

मी हसले. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि त्याचं पिऊन होईपर्यंत काही विचारायचं नाही, अशी तिच्याकडची रीत होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावलं: नमस्कार, या, बसा, आज काय घ्याल? वर नियम असा की हसायचं आणि डोळ्यांत बघायचं. अनोळखी पुरुषाकडे बघून हसायचं हे तिच्या घशाखाली उतरेना. लोक काय समजतील, असं ती एकदा पुटपुटली. मी म्हटलं, लोक समजतील की हॉटेल चांगलं आहे.

दुपारी गर्दी नसली की मी गिऱ्हाईक होऊन खुर्चीवर बसायचे आणि तिला स्वयंपाकघराच्या दारापासून चालत यायला लावायचे. दहा वेळा, पंधरा वेळा. हसू ओठांवर दिसलं की म्हणायचे, डोळ्यांपर्यंत येऊ दे. दोन महिन्यांत ती इतकी तयार झाली की सुरतेचं एक कुटुंब गल्ल्यावर येऊन तिचं कौतुक करून गेलं. मी ते गावभर सांगत सुटले.

आमच्या वाडीचा चिकू ज्या व्यापाऱ्याकडे जायचा, ते शेठ आठवड्यातून दोनदा त्या रस्त्याने जायचे आणि माझ्याकडेच जेवायचे. पन्नाशीचे, देवभोळे, मला वहिनी म्हणणारे, आमच्या लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसणारे. हळूहळू ते कोपऱ्यातल्याच टेबलावर बसायला लागले आणि तिलाच हाक मारायला लागले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, बघा, माझं शिकवणं कसं कामी आलं. त्या टेबलावर दुसऱ्या कुणाला पाठवा, असं तिने मला दोन-तीनदा सांगितलं होतं. मी तिला कामचुकार म्हटलं.

दुसऱ्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती. मी गल्ल्यावर बसले होते आणि भांडं पडल्याचा आवाज आला. बघते तर तिचं मनगट शेठच्या मुठीत. “रोज हसून बोलावतेस, आज जरा बस की,” असं ते म्हणत होते, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तिने हिसडा दिला तशा बांगड्या फुटल्या आणि मनगटावरून रक्त आलं. आजूबाजूला जेवणाऱ्यांचे हात ताटातच राहिले.

मी धावत गेले. आणि मी तिला विचारलं, “तू काय म्हणालीस त्यांना?”

तिला विचारलं. हात कुणी कुणाचा धरला हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असताना, मी तिला विचारलं.

“तुम्ही शिकवला तेच बोलली,” ती म्हणाली.

शेठ रुमालाने हात पुसत होते. वहिनी, थट्टा केली हो, म्हणाले, ही माणसं लगेच मनावर घेतात. माझा राग गावात प्रसिद्ध आहे. कोळणीपासून वायरमनपर्यंत सगळे मला टरकून असतात. अशी वेळ आली तर मी कानाखाली आवाज काढेन, अशी माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती. त्या दिवशी तो राग कुठे मेला होता देव जाणे. डोक्यात एकच आलं, चिकूचा मोसम तोंडावर आहे आणि आमचा माल हेच उचलतात. मी हात जोडले. मी हसले. “बसा शेठ, जेवून घ्या,” मी म्हटलं.

ते हसू मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं. मला माझी किळस आली, तरी ते चेहऱ्यावरून जाईना. मागे वळले तर ती मोरीपाशी मनगटावर पाणी ओतत माझ्याकडेच बघत होती. तिने एप्रन सोडला, घडी करून ओट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेली. शेठ नंतर भात, ताक सगळं सावकाश घेऊन उठले.

नवऱ्याला थोडंफार सांगितलं. तो म्हणाला, प्रकरण वाढवलं नाहीस ते बरं केलंस, माणूस तसा वाईट नाही. मी एरवी यावर घर डोक्यावर घेतलं असतं. पण तो जे म्हणत होता तेच मी करून आले होते, तेव्हा गप्प बसले.

आठ-दहा दिवसांनी मी तिच्या पाड्यावर गेले. झोप लागत नव्हती म्हणून गेले असं सांगायला आवडेल, पण नवी बाई टिकत नव्हती हेही तितकंच खरं. ती अंगणात भात पाखडत होती. मनगटावर खपली धरली होती. मी ओटीवर टेकले आणि म्हटलं, माझं चुकलं. पुठ्ठा काढून टाकलाय. तू हसू नकोस, बोलू नकोस, तुझ्या पद्धतीने वाढ, पण ये. ती सूप थांबवून ऐकत होती. उंबरगावची ती पहाटेची पायपीट तिला परत नको होती, मला ठाऊक होतं. ती येणार असं मला वाटायला लागलं.

“ते शेठ येतात अजून?” तिने विचारलं.

खोटं बोलावं असं मनात आलं. पण आली असती तर तिसऱ्या दिवशी तिनेच बघितलं असतं.

“येतात,” मी म्हटलं.

“मग कंपनीच बरी, बाई,” ती म्हणाली, आणि पुन्हा भात पाखडायला लागली.