झोळ्या घेऊन आलेली गाणारी मंडळी

विनोदिनी दीदीले गप बसवणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणं. रायपूरजवळच्या बीरगांवात कपडे शिवे, अन् रविवारी चर्चच्या पडवीत कामगारायचे बारके पोट्टे गोळा करे. गाणी, गोष्टी, शेवटी मूठ मूठ मुरमुरे. तिले कोणी नावं ठेवली तर आमचा अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, भांडाले उठे.

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच सालचा नाताळ. चर्चचा कारभार पाहणारे देवीदास काका अडून बसले.

"आता मोठे साहेब लोक उपासनेले येतीन. हे पोट्टे रडतात, धावतात. नाताळाले आणू नको त्याईले."

"काहून? येशूच्या गोठ्यात काय सगळे साहेबच होते?"

काका चिडले. मग म्हणे, "बरं. आदल्या दिवशी गाणी गात फिरता न, तवा माह्या दारी आण. एक गाणं धड उभं राहून म्हटलं, तर समोरच्या सतरंजीवर बसव. नाही तर घरीच ठेव."

दीदीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मशीन चालवताना गाणं, भाजी चिरताना गाणं. नवरा गंगाधर म्हणे, "अवं, मलेच पाठ झालं आता!"

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी टेम्पो काकाईच्या घरी, चौबे कॉलोनीकडे निघाला. प्रत्येक पोट्ट्याच्या मांडीवर कापडी झोळी.

"हे काहून आणलं?"

"माँ ने दिया," सगळ्यात लहान साक्षी बोलली. दीदीले वाटलं, खाऊसाठी असन.

काकाईनं दार उघडलं. मागं सुनीती काकी. दीदीनं हात वर केला, पोट्ट्यायनं श्वास घेतला, अन् साक्षीनं झोळी पसरून बोंब ठोकली, "छेरछेराऽऽ!"

झालं! सगळे सुरू. "छेरछेरा! छेरछेरा!" झोळ्या काकाईच्या पोटाले लागल्या.

इकडं पूस पुनवेले, म्हणजे पौषाच्या पुनवेले, पोट्टे असेच ओरडत दारोदार धान मागतात. टोळीनं परक्या दारी जायचं म्हणजे धान मागाले, एवढंच या लेकरायले ठाऊक. दीदीचा हात वरच राहिला. सतरंजी गेली, तिले वाटलं.

"हे शिकवलं तू?" काका गरजले.

"गाणं शिकवलं, काका. हे त्याईले आधीचंच येते."

सुनीती काकी पदरात तोंड लपवून हसून राहिली होती. आत गेली, सूपभर तांदूळ आणले अन् काकाईच्या हाती दिले. "घाला आता. छेरछेराले आपल्या दारून कोणी रिकामं गेलं का कधी?"

काका वाकले. एक झोळी, दुसरी झोळी. शेवटची साक्षीची. तिनं झोळी छातीशी धरली. "काका, अब गाएँ?"

अन् मंग गायले! असे गायले का शेजारचे कुत्रे उठून बसले. एक पोट्टा हलला नाही.

काकाईनं चष्मा पुसला. "उद्या आण. पण झोळ्या घरी ठेवाले सांग."

कोण ऐकते! नाताळाच्या सकाळी समोरच्या सतरंजीवर झोळ्यायसकट बसले सगळे. दानाची थाळी काकाच फिरवत होते. साक्षीपाशी आली, तशी तिनं झोळीत हात घातला अन् मूठभर तांदूळ थाळीत टाकले. मंग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. साहेब लोक माना उंचावून पाहाले लागले.

थाळी जड झाली. काकाईनं दोन्ही हातांनी धरली.

"विनोदिनी," ते भर उपासनेत बोलले, "मोठी थाळी आण वं."