लताच्या वाटणीचा काढा

जोगेश्वरीच्या त्या चाळीत रविवारी सकाळी धाकू परबांच्या घरी कुणी फिरकत नसे. कारण एकच, कडूजहर काडेचिराईत. गाव सुटलं, संपात गिरणी सुटली, पण धाकूंचा हा काढा काही सुटला नाही. आदल्या रात्री काड्या भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या आणि घरात जो असेल त्याच्या हातात कप द्यायचा. पाहुणासुद्धा त्यातून सुटत नसे.

लता ही त्यांची एकुलती एक मुलगी, अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. या काड्यांच्या कुळात हिमालयात निळीशार, देखणी फुलं फुलतात, असं शाळेत बाईंनी सांगितलं, तेव्हापासून तिचा राग दुप्पट झाला होता. फुलं दुसऱ्यांना आणि काड्या आम्हाला, हा कुठला न्याय! कधी एकदा लग्न होतंय आणि या वासातून सुटतेय, असं तिला झालं होतं.

पण सुटणार कशी? बघायला येणारी मंडळी नेमकी रविवारी येत आणि धाकू चहाआधी मुलाच्या हातात काढा ठेवत.

"माझा चेडू चार वर्षांचा असल्यापासून पिता, कपाळार एक आठी नाय," ते लताकडे बोट दाखवून अभिमानाने सांगत. "तोंड वाकडा करणारो जावय माका नको."

एक जण मोरीत जाऊन थुंकला, दुसऱ्याला ठसका लागला. दोघांनाही धाकूंनीच नकार कळवला. लताची आई विमला कपाळाला हात लावून बसली. लता नुसती धुमसत राहिली. बापाला काही सुनवायची तिची प्राज्ञा नव्हती.

मग मुलुंडहून विद्याधर आला, आईला घेऊन. साधा, हसरा मुलगा. लताला तो बघताक्षणी आवडला. त्याने कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. चेहऱ्यावर काही नाही! धाकू खूश. लताचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात विद्याधरची आई कौतुकाने म्हणाली, "आमच्याकडे हा रोजचाच हो. रविवारची वाट कोण बघतंय!"

म्हणजे लग्नानंतर लताला हा काढा रोजच! धाकूंनी तर आनंदाने तिच्याच हातात कप दिला. "दाखव गो यांका."

लताने घोट घेतला आणि जन्मात पहिल्यांदा तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "शी!"

धाकू बघतच राहिले. "काय झाला गो?"

"कडू आहे बाबा," लता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पहिल्यापासून कडूच लागायचा. तुम्ही कधी विचारलंच नाही."