दाखवण्यापुरते पैसे

वरदाच्या मनात जयंतकाकांचा राग बारा वर्षं होता. त्याचं करायचं काय, हे मात्र तिला हॅरोमधल्या एका वकिलाच्या ऑफिसात, पे-स्लिपा तपासून घेताना कळलं.

वरदा इंग्लंडमध्ये, मेडनहेडच्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना कोट चढवायचे, नाकं पुसायची, मांडीला मांडी लावून वाचायला बसवायचं. काम आवडीचं, पगार बेताचा. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलते पण शब्द अडखळतात. ती अठरा वर्षांची असताना वडील, मोहन, गेले. तेव्हापासून घरात ती आणि आई, सुलक्षणाबाई.

मागल्या वर्षी मिरजेला तिचं अवधूतशी लग्न झालं. तो तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायचा, तासिका तत्त्वावर. लग्नानंतर ती एकटीच परत आली. नवऱ्याला इथे बोलवायचं तर आपली ऐपत सरकारला दाखवावी लागते. वर्षाला एकोणतीस हजार पाउंड पगार हवा. वरदाचा वीस. पगार कमी पडत असेल तर बचत दाखवता येते, पण ती भरपूर लागते आणि निदान सहा महिने खात्यात जशीच्या तशी असावी लागते. तिच्या बाबतीत हा हिशेब साडेअडतीस हजारांवर गेला. तिच्याकडे चार होते.

"जयंतभावजींना विचारू," आई म्हणाली.

"त्यांना?"

"दुसरं कोण आहे, वरू?"

खरंच दुसरं कोणी नव्हतं.

मोहन गेल्याच्या पुढच्या वर्षी काका आणि या दोघी पुण्याला गेले होते. आजोबांचा कर्वेनगरचा फ्लॅट दोन भावांचा. मोहन नाही, म्हणून त्याचा वाटा या दोघींचा. काका त्यांना रजिस्ट्रारच्या कचेरीत घेऊन गेले. "नुसती फॉर्मॅलिटी आहे, वहिनी. सगळ्यांची नावं असली की विकताना धावपळ होते. पैसे काय, घरातच आहेत." दोघींना कॅमेऱ्यासमोर बसवलं, सह्या-अंगठे घेतले. एकोणीस वर्षांच्या वरदाने 'हक्कसोडपत्र' हा शब्द अक्षर अक्षर जुळवून वाचला. वाचता आला, कळला नाही. बाहेर आल्यावर काकांनी दोघींना मस्तानी पाजली.

फ्लॅट विकला गेला. बरेच महिने वाट बघून आईने फोन केला. काका हसले. "वहिनी, तुम्ही हक्क सोडलात ना? सही आहे तुमची."

आईने तो विषय पुन्हा काढला नाही. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन काकांकडे स्टॅनमोरला जाणंही सोडलं नाही. वरदाचा राग काकांवर होता की त्या डब्यावर, हे तिला सांगता आलं नसतं.

तर दोघी स्टॅनमोरला गेल्या. काका भूलतज्ज्ञ, नुकतेच निवृत्त झालेले. माणसाला हळूहळू गप्प करायची सवय त्यांच्या बोलण्यातही होती.

"तासिका तत्त्वावर म्हणजे काय ग?"

"तासाचे पैसे मिळतात, काका."

"म्हणजे बेबीसिटरसारखं." ते आईकडे वळले. "वहिनी, इथली दहा मुलं दाखवली असती मी. पण आम्हाला कोण विचारतंय?"

आई खाली बघत राहिली.

"पस्तीस टाकतो तुझ्या खात्यात. दाखवण्यापुरते. व्हिसा आला की परत. काय आहे, इथल्या मराठी मंडळात सगळे विचारतात, जयंतराव, पुतणीचा नवरा कधी येतोय? मलाच मान खाली घालायला लागते."

"थँक्यू, काका."

"थँक्यू काय? पाया पड."

आईने डोळ्यांनी खुणावलं. वरदा वाकली. काकांच्या चपला लोकरी होत्या. त्यांच्याकडे बघत तिने मनात एक शिवी दिली. मराठी शिवी तिला येत नव्हती, म्हणून इंग्रजीत दिली.

पैसे आले. मग महिन्या-महिन्याला काकांचा फोन. "हात लावला नाहीस ना?" एकदा मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी तिला खांद्याला धरून चारचौघांसमोर उभं केलं. "हिच्या नवऱ्याला आम्ही आणतोय. आता मुलगीच अशा ठिकाणी पडली, तर करायचं काय?" लोक हसले. वरदाही हसली. घरी येऊन तिने खात्यातला आकडा पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिली.

मुदत भरल्यावर ती कागद घेऊन हॅरोला गेली. तिथे फाइली तपासणारी सुचेता मूळची पुण्याची, चाळिशीची, बोलायला सरळ. तिने डावीकडे पे-स्लिपा मांडल्या, उजवीकडे बँकेची स्टेटमेंट्स. मधे पट्टी ठेवून ती एकेक ओळ खाली सरकत होती.

"स्लिपवर हातात आलेला पगार हा. बँकेत तोच आकडा, तीच तारीख. बरोबर. पुढचा." पेन्सिलीची खूण. "तपासणारा ऑफिसर असंच बघतो. तुमचं प्रेम किती, लग्नात किती लोक जेवले, ते वेगळ्या पानावर. या पानावर फक्त आकडे जुळले पाहिजेत. शाळेचं पत्र? हां. कायम नोकरी लिहिलंय, छान."

मग पट्टी थांबली.

"पस्तीस हजार. एका दिवसात. कुठून आले?"

"काकांनी दिले."

"उसने की भेट?"

वरदा घरून उत्तर पाठ करून आली होती. भेट म्हणायचं आणि गप्प बसायचं. आईने दोनदा म्हणून घेतलं होतं.

"थांब, घाई नको करूस," सुचेता म्हणाली. "उसने असतील तर चालत नाहीत. भेट असेल तर काकांनी लिहून द्यायचं, सहीनिशी, की परत मागणार नाही. त्यांची स्टेटमेंट्सही लागतील. पण आधी मी तुला एकटीला विचारते. तू हे पैसे परत देणार आहेस का? देणार असशील तर आत्ता सांग. खोटं माहीत असताना मी फाइल पाठवत नाही. त्यात नवऱ्यावर दहा वर्षांची बंदी येऊ शकते."

वरदाने पट्टीखालचा आकडा पाहिला. लोकरी चपला. मस्तानीचा ग्लास. फोन ठेवून भिंतीकडे बघणारी आई. सहा महिने ती हे पैसे सांभाळत होती, आणि ते कुणाचे हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. कर्वेनगरच्या वाट्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "परत देणार नाही."

"नक्की?"

"नक्की. काकांच्या मनात काय आहे ते तुम्ही काकांना विचारा. मी देणार नाही."

सुचेताने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पेन्सिलीने खूण केली.

वरदा बाहेर पडली तेव्हा तिचे पाय हलके झाले होते. त्या टेबलावर ती अक्षरशः खरं बोलली होती. आता काकांनी बोलायचं होतं.

काका पुढच्या आठवड्यात आले. टाय लावून. सुचेताने पत्र त्यांच्यासमोर ठेवलं, वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं नाही.

"हे पैसे तुम्ही परत मागणार नाही ना, डॉक्टर?"

"अहो, पुतणीला दिलेलं कोणी परत मागतं का?" त्यांनी वरदाला डोळा मारला. "द्या इकडे. फॉर्मॅलिटी असते ही."

त्यांनी लफ्फेदार सही केली. पेनाचं टोपण खाली पडलं. वरदाने ते उचलून अदबीने त्यांच्या हातात दिलं.

जूनमध्ये अवधूत आला. दोन सुटकेसा, एक सर्दी. आठ दिवसांनी काकांनी तिघांना जेवायला बोलावलं. घरामागे बागेच्या बाजूला काचेची खोली होती, तिथे पानं मांडली होती. काकूंनी बिरड्याची उसळ केली होती.

"काय जावईबापू, झेपतंय का इंग्लंड? तासावर काम इथेही मिळतं हं. वेअरहाउसात."

"बघतो, काका," अवधूत म्हणाला. तो मुळात भांडणारा माणूस नाही.

"आणि वरदा, सोमवारी ते ट्रान्सफर करून टाक."

"कसला ट्रान्सफर?"

"माझे पस्तीस ग."

"ते मला गिफ्ट दिले तुम्ही."

काका हसले. "बरं बरं. सोमवारी."

"सोमवारी नाही, काका. कधीच नाही. मी देणार नाहीये."

काकू भाताचं भांडं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"डोकं ठिकाणावर आहे ना? तो कागद दाखवण्यापुरता होता."

"मला तसं कोणी सांगितलं नाही. मला वकिलाच्या ऑफिसात विचारलं, परत देणार का? मी नाही म्हटलं. तुम्हालाही विचारलं. तुम्ही काय म्हटलं?"

"मी कोर्टात खेचीन तुला!"

"खेचा ना. काय सांगणार तिथे? मी डॉक्टर आहे आणि मी सरकारला खोटं लिहून दिलं?" तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत मुलं चावली की ती ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात ती बोलत होती. "सही आहे तुमची."

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते आईकडे वळले. "वहिनी, सांगा हिला. घरातल्या माणसाशी असं वागतात?"

सगळे सुलक्षणाबाईंकडे बघू लागले. वरदा पैसे परत देणार नाही, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग दिराकडे. मग मान वर करून छपराच्या काचा पाहिल्या.

"भावजी, ही खोली फ्लॅट विकल्यावरच बांधलीत ना?"

काकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"छान आहे. ऊन चांगलं येतं." त्यांनी डाव उचलला आणि आणखी थोडी उसळ वाढून घेतली.

परतताना वरदा गाडी चालवत होती. आई मागे डोळे मिटून बसली होती.

"मला आधी सांगायचंस," अवधूत म्हणाला.

"तू नको म्हणाला असतास."

"हो. अजूनही म्हणतो. देऊन टाक, वरदा. माझ्यासाठी कशाला हे?"

"दिले तर तो कागद खोटा होईल. तुझा व्हिसा खोट्यावर उभा राहील. आत्ता तो खरा आहे, कारण मी देत नाहीये."

अवधूतने ते मनात उलटसुलट करून पाहिलं. भूगोलाच्या माणसाला त्यातून बाहेर पडायची वाट सापडेना.

"म्हणजे आता तुला द्यायचे असते तरी देता येणार नाहीत."

"मला द्यायचे नाहीत," वरदा म्हणाली आणि गिअर बदलला.

काकांनी मंडळात सांगितलं की पुतणी कृतघ्न निघाली. लोकांनी विचारलं, का, काय केलं तिने? काका म्हणाले, जाऊ दे. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही जाऊ दे म्हणाले. मग कोणी विचारेना. हे वरदाला कळलं त्या दिवशी तिने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा गुणगुणत प्यायली.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज मऊ. "बेटा, वाद कशाला वाढवायचा? निम्मे दे. मी विसरून जातो."

"देते की. ईमेल करा."

"कसला ईमेल?"

"कधी दिले, किती दिले, परत द्यायचं केव्हा ठरलं होतं. सगळं लिहा. खाली नाव घाला. आला की त्याच दिवशी पाठवते."

 काकांनी फोन ठेवला.

आता रोज सकाळी शाळेला निघण्याआधी ती उभ्या उभ्या ईमेल बघते. अवधूत टोस्टला लोणी लावत असतो.

"आला?"

"नाही अजून," ती म्हणते आणि हसते. मिरजेच्या लग्नात तिचं हसणं त्याने पाहिलं होतं. हे तसलं नाही. तो बशी तिच्यापुढे सरकवतो आणि किटली भरायला उठतो.