पोचायचा दिवस धरून तीन दिवस

पहिलं बाळंतपण माहेरात व्हायचं. आमची पोरगी सिंगापूरला, तिला सुट्टी मिळेना. म्हणून बायकोनं ठरवलं, पोरगी येत न्हाय तर माहेरच तिकडं न्यायचं. जन्मभर निपाणीत बिड्या वळलेली बाई, बेंगळूरसुद्धा बघितलं नव्हतं, पण पासपोर्टच्या ऑफिसात माझ्या पुढं उभी राहिली. बिड्या वळून बोटं गुळगुळीत झालेली, यंत्रावर ठसा उठेना. तिथल्या माणसानं चारदा बोट पुसायला लावलं. ती म्हणाली, "ठसा बिडीला लागलाय साहेब, लोकांनी वडून टाकला." माणूस हसला. पाचव्यांदा ठसा उठला.

व्हिसा दोघांचाबी आला. तिकिटं निघाली. जायला तीन आठवडे राहिले होते आणि ती गेली. सकाळी चहा ठेवला, खुर्चीवर बसली, ती बसलेलीच राहिली. मी आंघोळ करत होतो. चहा उतू जाऊन गॅस विझला, वासानं बाहेर आलो. एवढंच. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत न्हाय.

पोरीला डॉक्टरनी विमानात बसू दिलं नाही. तिनं आईचं तोंड फोनवर बघितलं. तेही नीट दिसलं न्हाय, असं तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हाच ठरवलं, माझं तिकीट मोडायचं न्हाय. भाऊबंद म्हणाले, पुरुष माणूस बाळंतपणाला जाऊन काय करणार? काय करणार ते मलाबी म्हाईत नव्हतं. पोरीपाशी कुणीतरी जायला पाहिजे, एवढं कळत होतं.

सिंगापूरला उतरायच्या आधी एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. अरायव्हल कार्ड म्हणतात त्याला. कुठून आला, कुठं राहणार, तब्येत कशी हाय, सगळं आधी लिहून द्यायचं. नसला तर अडवतात. पोरगी भरणार होती. पण रविवारी तिचं बीपी वाढलं आणि तिला दवाखान्यात ठेवलं. जावई फोनवर म्हणाला, "अण्णा, मी भरतो सवडीनं." त्याचा आवाज ठिकाणावर नव्हता. मी म्हटलं, "तू तिच्यापाशी बस. घरचा पत्ता तेवढा पाठव, बाकीचं मी बघतो." चौथी शिकलेला माणूस मी. तंबाखूच्या वखारीत पोती उचलली जन्मभर. काय बघणार होतो? पण बोलून बसलो.

माझं पोचणं गुरुवारी सकाळी. सोमवारी स्टँडाजवळच्या ऑनलाइन सेंटरला गेलो. तिथली बाई आधार, पेन्शन, उतारे सगळं करते. एका वाक्यात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलते.

"तीन दिवस आधी भरायचं आप्पा. गुरुवारातनं तीन गेले, सोमवार. आजच," ती म्हणाली.

पण पडद्यावर गुरुवार काही दाबला जाईना. ती आपटून आपटून दाबत होती. शेवटी म्हणाली, "सर्वर डाऊन हाय. दुसरीकडं बघा. उद्या मी चिक्कोडीला लग्नाला चाललोय."

"सर्वरचं न्हाय. तू मोजायला चुकलीस."

"आप्पा, मी बीकॉम हाय."

"आस की. राख सावडायचा तिसरा दिवस कसा मोजतीस? माणूस गेलेला दिवस धरून. मग हितंबी पोचायचा दिवस धर. गुरुवार एक, बुधवार दोन, मंगळवार तीन. उद्या उघडंल ते."

तिनं पान खाली सरकवून वाचलं. पोचायचा दिवस धरून, असंच लिहिलं होतं.

"तुमी लई मोजलंय वाटतं," ती म्हणाली.

"हल्ली तेच मोजतोय."

कुणाचं, ते तिनं विचारलं न्हाय. मीबी सांगितलं न्हाय. लग्नाला जायच्या आधी आठला सेंटर उघडते म्हणाली.

मंगळवारी गुरुवार दाबला गेला. "एकटंच चाललाय का मिळून कोण हाय?" तिनं विचारलं.

"आम्ही दोघं."

तोंडातनं गेलं. चाळीस वर्षं तेच उत्तर देत आलोय. दोन्ही पासपोर्ट एकाच प्लास्टिकच्या पिशवीत होते, तिनं दोन्ही काढून घेतले. तिथंच थांबवायला पाहिजे होतं. माझं झाल्यावर ती दुसरा पासपोर्ट बघून टाइप करायला लागली. "आक्कांचीबी जन्मतारीख एक जून, तुमचीबी एक जून. मास्तरनं एकाच दिवशी जन्माला घातलंय की दोघांस्नी." मी हसलोसुद्धा. पडद्यावर बायकोचं नाव एकेक अक्षर करून उमटत होतं. तीन आठवड्यांत ते नाव मी फक्त मृत्यूच्या दाखल्यावर बघितलं होतं. हितं ती कुठंतरी निघाली होती. मी गप बसून बघत राहिलो.

मग तब्येतीचा प्रश्न आला. "ताप, खोकला, अंगावर पुरळ?" माझं न्हाय म्हणून सांगितलं. "आक्कांना?"

मी मोकळ्या पिशवीची घडी घालायला लागलो.

"आप्पा, आक्कांना काय होतंय का?"

"तिला आता काय होत न्हाय."

बाईचे हात थांबले. "कवा?"

"तीन आठवडं झालं."

"मग मला का लिहू दिलं तुमी?"

"बघत होतो."

तिनं तो पासपोर्ट मिटून पिशवीवर ठेवला. मग म्हणाली, "असंच पाठवलं तर खोटं ठरंल. तुमाला अडवतील, पोरगी तिकडं वाट बघत राहील. काढाय लागतंय." तिनं कुठंतरी दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, तो तिनं मराठीत वाचून दाखवला: दुसऱ्या प्रवाशाला काढायचं, नक्की का? आणि माउस माझ्याकडं सरकवला. "मला न्हाय जमत."

अग्नी मीच दिला होता. तेव्हा हात एवढा जड झाला नव्हता. दाबलं. तिचं नाव गेलं, वरचं माझं हाय तिथंच राहिलं, खाली नुसती जागा मोकळी झाली. बाईनं कागद छापून दिला आणि लग्नाला उशीर झाला तरी तो पिशवीत नीट ठेवून दिला.

बुधवारी बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरनं बेंगळूर, तिथून पुढं सिंगापूर. तिथं तो कागद कुणी मागितला न्हाय. त्यांच्याकडं आधीच पोचला होता. पासपोर्ट ठेवला, अंगठा लावला, फाटक उघडलं.

जावई थेट दवाखान्यात घेऊन गेला. पोरगी पलंगावर बसली होती. पोट एवढं मोठं, तोंड सुजलेलं. मला बघितलं आणि लगेच माझ्या पाठीमागं दाराकडं बघितलं. तिला म्हाईत नव्हतं असं न्हाय. तरी बघितलं. दार मिटेपर्यंत बघत होती.

मी म्हटलं, "मीच आलोय गं."