पंखा बंद केल्यावर

मी भाचीच्या प्रयोगशाळेत शिरताच तिनं आधी पंखा बंद केला. "मामा, आता बोलायचं नाही. शिंकायचं तर मुळीच नाही."

सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉन नावाच्या खनिजाचा एकच कण होता, मिठाच्या दाण्याहूनही बारीक. पृथ्वी नुकती थंडावत होती तेव्हाचा असावा, असा तिचा अंदाज. त्यानंतर डोंगर उभे राहिले, झिजून वाळू झाले, समुद्र सरकले, हा टिकला. आत कोंडलेलं युरेनियम तेवढं सावकाश शिसं होत राहिलं. दोन्हींच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं की त्याचं वय कळणार होतं.

तिनं तो सुईच्या टोकावर उचलला. माझा घाम डोळ्यात उतरला, तरी मी हात हलवला नाही.

"आता कुठे ठेवणार?" न राहवून मी कुजबुजलोच.

"आम्लात. परवापर्यंत पूर्ण विरघळेल. त्याशिवाय मोजता येत नाही."

"आणि मोजताना चूक झाली तर?"

तिनं सुई आम्लाच्या कुपीवर नेली. इतकी उलथापालथ सोसून जो उरला, त्याला आम्ही फक्त वय विचारणार होतो, आणि तेवढ्यासाठी तो संपणार होता.

कण कुपीत पडला. आवाज झाला नाही. कितीतरी वेळ पंखा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.