वकीलसाहेबांचे तीन कायदे

अख्ख्या उस्मानपुऱ्यात एकाच वेळी तीन कायद्यांखाली नांदणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे वकीलसाहेब! निजामाच्या राज्यात उर्दूतून वकिली केलेली. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा बदलली, तसे ते कायद्याच्या कॉलेजात शिकवू लागले आणि रोमन, चर्चचा व इंग्लिश अशा तीन कायद्यांची तुलना करण्यात जे बुडाले ते वर आलेच नाहीत. आमच्या झाडाचा पेरू त्यांच्या अंगणात पडला की तो घेऊन भिंतीशी हजर. "वहिनी, गौर करा! रोमन कायद्यानं तुम्हाला एक दिवसाआड आत येऊन फळ उचलायचा हक्क. इंग्लिश कायद्यानं मी फांदी छाटीन, पण पेरू तुमचाच. अन् चर्चच्या कायद्यानं, कालचा पेरू परत केल्याशिवाय मला माफी नाही!"

"मग कालचा कुठंय?"

"खाल्ला की!"

आमच्या लेकीची, सुमनची सुपारी फोडायची ठरली, तेव्हा वकीलसाहेबांना बोलवावं की नाही यावर घरात दोन तट पडले. शेवटी बोलावलं. पाहुणे फुलंब्रीचे, मुलगा शाळेत मास्तर. सगळं जमत आलं आणि मुलाचे चुलते म्हणाले, "लगीन याच महिन्यात उरकू. परीक्षेचं काय घिऊन बसलात?" सुमनचं बी.ए.चं शेवटचं वर्ष, रात्रंदिवस अभ्यास चाललेला. दारात उभ्या पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. आमचे हे सतरंजीकडे बघत बसले.

वकीलसाहेब ताडकन उठले. "ठैरो! रोमन कायद्यात बापाचा शब्द लागतो. इंग्लिश कायद्यात शब्द मोडला तर भरपाई. पण चर्च थेट मुलीला विचारतं. तिचा होकार नसंल तर लग्नच नाही! इथं तिला कुणी विचारलं का?"

"आपण काय किरिस्ताव हाव का?" चुलते भडकले.

"नाय. पण विचारायला काय जातंय?"

तेवढ्यात दारातून सुमनचा आवाज आला, "परीक्षा देऊनच लग्न करीन." आणि तोवर तोंडातून अक्षर न काढलेला नवरामुलगा म्हणाला, "व्हय काका, मला चालतंय. उन्हाळ्यात करू." सुपारी फुटली! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हातात ताटं होती म्हणून राहिलं.

पाहुणे गेल्यावर वकीलसाहेब हळूच म्हणाले, "वहिनी, तुमच्या वेळी तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी ताटं आवरता आवरता म्हटलं, "आमच्या वेळी कुठलं आलंय असलं? चहा टाकू का?" ते हसले नाहीत, एकाही कायद्याचं नाव काढलं नाही, नुसते थांबून राहिले. आता ते नाहीत. माझ्या उत्तरासाठी तेवढा वेळ दुसरं कुणी थांबल्याचं मला आठवत नाही.